शुद्धतेचे गणित आणि सिकलसेलचा प्रश्न

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्याने सारा जन्म अर्थशास्त्र शिकविण्यात घालविला त्याने आनुवंशिकतेवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना अधिकारातिक्रमण वाटेल. परंतु 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, 2047 पर्यंत हा आजार देशातून हद्दपार करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प सोडला. तेव्हापासून हा विषय केवळ जीवशास्त्राचा राहिलेला नाही. ही तपासणी मुख्यतः आदिवासी भागांतील लोकांची आहे; आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार येथील लोकांची आहे. तिचा लाभ कोणाच्या पदरात पडणार आणि तिची किंमत कोण मोजणार हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत, राजकारणाचे तर आहेतच. मात्र त्यांची उत्तरे शोधावयाची तर आधी एक साधी गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. ती म्हणजे, एखाद्या जनुकाच्या दोन सारख्या प्रती वारशाने मिळणे याचा अर्थ काय?

काही अपवाद सोडले तर प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्या शरीरात असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. मेंडेलने 1866 साली आपला वाटाण्यावरील निबंध प्रसिद्ध केला, त्यात गुळगुळीत आणि सुरकुतलेल्या दाण्यांचा हिशेब आहे. संकराच्या दुसऱ्या पिढीत त्याला 5474 दाणे गुळगुळीत मिळाले आणि 1850 सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. याचा उलगडा असा की दोन्ही प्रती सुरकुतीच्या असतील तरच दाणा सुरकुततो. एकच प्रत असेल तर दाणा गुळगुळीत दिसतो, पण ती प्रत पोटात बाळगून पुढच्या पिढीकडे पोचवितो. बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1902 साली या दोन अवस्थांना नावे दिली. त्यांना आपण मराठीत समयुग्मजी आणि विषमयुग्मजी म्हणतो. वर्गात शिकविताना मात्र शिक्षक सोयीसाठी समयुग्मजीला ‘शुद्ध’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘संकरित’.

या ‘शुद्ध’ शब्दाने फार घोटाळा केला आहे. शास्त्रात त्याचा अर्थ एवढाच की दोन्ही प्रती सारख्या आहेत. त्या चांगल्या आहेत की वाईट, याविषयी तो शब्द काहीही सांगत नाही. ज्याला सिकलसेलचा आजार आहे तो रुग्ण त्या जनुकापुरता ‘शुद्ध’च असतो! आपल्या समाजात मात्र शुद्ध हा शब्द कोणत्या वजनाने उच्चारला जातो हे मी सांगावयास नको.

दोन सारख्या प्रतींचे एक उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. जगभर तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ओ गटाचे वाटते, पण त्या माणसाला ओ गटाचे रक्त दिले तर जीव धोक्यात येतो. ए आणि बी ही चिन्हे तांबड्या पेशीवर ज्या पायावर उभी राहतात तो पायाच या लोकांच्या पेशीवर नसतो, कारण तो घडविणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात. भारतात असा माणूस साधारण दहा हजारांत एक सापडतो, युरोपात दहा लाखांत एक. हा आजार नव्हे. असा माणूस शंभर वर्षे ठणठणीत जगू शकतो; फक्त रक्ताची गरज पडली की त्याला त्याच्यासारखाच दुसरा शोधावा लागतो. एकच प्रत निकामी असलेल्यांना तर आपल्या अंगात असे काही आहे याचा पत्ताही नसतो.

आता सिकलसेलकडे येऊ. शिकागोच्या हेरिक या डॉक्टरने 1910 साली एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 1949 साली पॉलिंगने हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा दोष असल्याचे दाखविले, आणि 1956-57 मध्ये इन्ग्रमने तो दोष नेमका कोठे आहे ते शोधून काढले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे बसलेले असते. एवढाच फरक. दोन्ही प्रती अशा असतील तर प्राणवायू सोडताच पेशी वाकडी आणि ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाडे फोडून काढावीत अशा वेदना होतात, रक्तक्षय होतो, प्लीहा निकामी होते, आणि लहान मूल साध्या जंतुसंसर्गानेही दगावते. एकच प्रत असेल तर तो वाहक. वाहक शेतात राबतो, फुटबॉल खेळतो, बाळंतपणे पार पाडतो. तो रुग्ण नाही. (एक सिकलसेलची प्रत आणि दुसरी थॅलसेमियाची, अशा जोडीनेही आजार होतो, पण ती गोष्ट आज बाजूस ठेवू.)

तेव्हा सारा प्रश्न एक प्रत की दोन, असा आहे. आणि नेमक्या याच प्रश्नाचे उत्तर गावोगावच्या शिबिरांत वापरली जाणारी विद्राव्यता चाचणी देत नाही! रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे एवढेच ती सांगते. वाहक कोण आणि रुग्ण कोण हे तिला कळत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी लागते, इलेक्ट्रोफोरेसिसची किंवा एचपीएलसी यंत्रावरची, आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी होते. तिचा अहवाल येईपर्यंत गावात ‘हिला सिकल निघाला’ ही बातमी पोचलेली असते. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे ठरलेले लग्न असेच मोडले. ती वाहक होती. मुलाकडच्यांना विचारले की मुलाची तपासणी झाली आहे काय, तेव्हा ती झालीच नव्हती आणि करावयाची गरजही कोणाला वाटली नव्हती. मुलगा वाहक नसता तर त्यांच्या एकाही अपत्याला हा आजार झाला नसता. म्हणजे लग्न मोडण्यास आवश्यक असलेली अर्धी माहितीच कोणी गोळा केली नव्हती. पण दोष शोधावयाचा तो मुलीत, ही आपली जुनी रीत नव्या चाचणीनेही उचलली.

थोडा हिशेब मांडतो. अर्थशास्त्राच्या मास्तराची सवय आहे. एखाद्या समाजात या जनुकाच्या शंभर प्रतींपैकी दहा सिकलच्या आहेत असे धरा. लग्ने योगायोगाने होत असतील तर हजार माणसांत 10 रुग्ण, 180 वाहक आणि 810 यांपैकी काहीच नसलेले, अशी विभागणी होते. हे हार्डी आणि वाइनबर्ग यांनी 1908 साली स्वतंत्रपणे मांडलेले सूत्र आहे. आता प्रती मोजा. हजार माणसांत सिकलच्या प्रती दोनशे. त्यांतील 20 रुग्णांच्या शरीरात, 180 वाहकांच्या. नव्वद टक्के प्रती निरोगी माणसांच्या अंगात सुखाने नांदत आहेत. वाहकाने वाहकाशी लग्न केले नाही तर आजारी मुले जन्मणार नाहीत हे खरे, परंतु वाहकाची निम्मी मुले सरासरीने वाहकच होतील. जनुक जेथे आहे तेथेच राहील. ‘निर्मूलन’ हा शब्द वापरणाऱ्यांनी आपण मुळाला हात घालीत नसून दोन सारख्या प्रतींची गाठभेट टाळीत आहो, हे लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

आणि हे जनुक इतक्या लोकांत आले कसे? याचे उत्तर शोधण्याच्या वाटेवर जे. बी. एस. हाल्डेन भेटतात, आणि त्यांच्याविषयी आपल्या व्यासपीठावर दोन शब्द बोलणे उचित आहे. हे मार्क्सवादी शास्त्रज्ञ ‘डेली वर्कर’ या कम्युनिस्ट दैनिकात कामगारांसाठी विज्ञानावर लेख लिहीत. 1957 साली ते भारतात आले, येथले नागरिक झाले आणि 1964 साली भुवनेश्वर येथे वारले. थॅलसेमियाचे जनुक बाळगणाऱ्याला मलेरियापासून संरक्षण मिळत असावे, अशी कल्पना त्यांनी 1949 साली मांडली. पाच वर्षांनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत तसेच घडते हे दाखविले. एक प्रत असलेले मूल घातक मलेरियातून तगण्याची शक्यता अधिक. दोन प्रती असलेले मूल सिकलसेलने जाते, एकही नसलेले मलेरियाने जाण्याचा धोका अधिक. मलेरियाच्या पट्ट्यात शेकडो पिढ्या हा व्यवहार चालला. आपल्या देशात 1952 साली निलगिरीतील आदिवासींमध्ये हे जनुक प्रथम आढळले, 1958 साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील नोंद केली. आज काही जमातींत वाहकांचे प्रमाण 35 टक्क्यांपर्यंत आढळते.

माझ्या दृष्टीने हा एक प्रकारचा विमा आहे. त्याचे संरक्षण पुष्कळांना मिळाले आणि त्याचा सगळा हप्ता थोड्यांनी भरला. तोही आपल्या हाडामांसातून. ज्या लाभातून अख्खा समाज जगला त्याची किंमत मोजणाऱ्यांचा भार त्या समाजाने, आणि त्या समाजाला जंगलात, मलेरियात, दवाखान्यापासून चाळीस मैलांवर राहू देणाऱ्या राज्यसंस्थेने उचलावयास हवा. आपण बेकारीभत्त्याविषयी, वृद्धांच्या निवृत्तिवेतनाविषयी ज्या न्यायाने बोलतो तोच हा न्याय आहे.

येथे एका गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. सुशिक्षितांच्या तोंडी नेहमी असते की हे लोक नात्यात लग्ने करतात म्हणून त्यांना असले आजार होतात. गोंडांमध्ये आते-मामे भावंडांच्या लग्नाला ‘दूध लौटावा’ म्हणतात, म्हणजे घरातून गेलेले दूध परत करणे. आणि मामाच्या मुलीवरचा हक्क आपल्या मराठी मुलखातही अनेक जातींना परका नाही. आता दोन प्रती सारख्या असणे आणि त्या दोन्ही एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीपासून उतरलेल्या असणे, या भिन्न गोष्टी आहेत. नात्यातील लग्नाने दुसरी गोष्ट वाढते. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्यात कोणत्याही जनुकाच्या दोन्ही प्रती आजोबा किंवा आजी यांच्या एकाच प्रतीपासून आलेल्या असण्याची शक्यता सोळांत एक. जनुक अतिशय दुर्मिळ, हजारात एक प्रत असे असेल, तर एरवी दहा लाखांत एक मूल आजारी होईल आणि भावंडांच्या लग्नातून मात्र सुमारे 63. त्रेसष्ट पट! पण सिकलसारखे दहात एक प्रत असलेले जनुक घ्या. एरवी हजारी 10 मुले आजारी, भावंडांच्या लग्नातून पंधरा-सोळा. वाढ आहे, ती नाकारू नये. परंतु मूळ कारण तेथे नाही. दुधाची परतफेड बंद केली तरी हजारी दहा राहतातच. ते मलेरियाचे देणे आहे.

मग नात्यातील लग्नाचा खरा धोका कोठे? दुर्मिळ जनुकांत. आणि तेथे बोट आदिवासींकडे दाखविण्यापूर्वी आपण आपल्या जातींकडे पाहावे. जात टिकते ती जातीतच लग्न केल्याने, हे डॉ. आंबेडकरांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सांगितले होते. जवळजवळ शंभर वर्षांनी, 2013 साली, हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी जनुकांवरून असा निष्कर्ष काढला की सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वी या देशात सर्वदूर मिश्रण चालू होते आणि त्यानंतर ते थांबत गेले. 2017 सालच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात 263 समूहांपैकी 81 समूह इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले दिसले की फिनलंडचे लोक किंवा पूर्व युरोपातील ज्यू यांनाही त्यांनी मागे टाकले. त्यांतील 14 समूह दहा लाखांहून मोठे आहेत. आंध्रातील वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधाने स्नायू फार वेळ लुळे पडण्याचा दोष इतरांच्या सुमारे शंभर पट आढळतो. तो समाज सधन आहे, शिकलेला आहे. दूरचा वाटणारा नवरा-नवरीचा संबंधही अशा जातीत पंधरावीस पिढ्यांपलीकडे पुन्हा जुळलेलाच असतो.

तरी आपल्या कार्यकर्त्यांना मी एक सावधगिरी सुचवितो. आंतरजातीय विवाहाचे समर्थन रक्ततपासणीच्या अहवालावर टेकवू नका. माणसाने कोणाशी लग्न करावे हा त्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे. उद्या एखाद्या जातीच्या प्रयोगशाळेने आमच्यात काही दोष नाही असा दाखला आणला, तर आपण काय जातीत लग्न करा म्हणणार? जीवशास्त्राला राजकारणाचा वकील नेमण्याचे परिणाम उजव्यांनी आणि डाव्यांनी दोघांनीही पाहिले आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1927 साली ‘निकृष्ट’ ठरविलेल्यांची सक्तीची नसबंदी घटनेत बसते असा निर्णय दिला; आणि सोव्हिएत संघात लायसेंकोपंथी मंडळींनी मेंडेलला बूर्झ्वा ठरविले, तर वाव्हिलोव्हसारखा वनस्पतिशास्त्रज्ञ 1943 साली तुरुंगात मेला.

अमेरिकेतील सिकलसेलचा इतिहास तर आपण मुद्दाम वाचावा. तेथे कृष्णवर्णीयांच्या या आजाराकडे सरकारने दीर्घकाळ दुर्लक्ष केले. 1971 साली ब्लॅक पँथर पक्षाने स्वतःची फुकट तपासणी केंद्रे उघडली. (पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, ती याच नावावरून.) त्यानंतर सरकार जागे झाले, पण काही राज्यांनी कायदे केले ते सक्तीच्या तपासणीचे, उपचाराची सोय नाही, समजावून सांगणारा कोणी नाही. वायुदलाच्या अकादमीचे दार वाहकांना 1981 पर्यंत बंद होते. दोन नोबेल पारितोषिके मिळविलेल्या पॉलिंगनेही 1968 साली वाहकांच्या कपाळावर गोंदावे असे सुचविले होते. हेतू सद्भावनेचा होता, हे मान्य. परंतु कपाळावरचे गोंदण म्हणजे काय हे या देशातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

ग्रीसमधील ओर्कोमेनोस या गावाचा अनुभव याहून बोलका आहे. तेथे सर्वांची तपासणी करून लग्नाविषयी सल्ला देण्यात आला. काही वर्षांनी पाहणी केली तेव्हा वाहकांना कमी लेखले जात होते, काही कुटुंबे निकाल लपवीत होती, आणि वाहकांची आपसांतील लग्ने मात्र घटली नव्हती. सायप्रसमध्ये थॅलसेमियाची मोहीम यशस्वी झाली हे मी लपविणार नाही. परंतु तेथील बहुतेक जोडप्यांनी लग्ने मोडली नाहीत. गर्भाच्या तपासणीची सोय आणि निर्णयाचा अधिकार त्यांच्या हाती होता.

आपल्या मोहिमेत जनुकीय स्थितीची कार्डे वाटली जात आहेत आणि लग्नापूर्वी ती जुळवून पाहा असे सांगितले जात आहे. माहिती मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे, तेव्हा कार्डाला माझा विरोध नाही. परंतु गोंडांच्या चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा सग्यांत सगाभाई टाळून जोडीदार शोधावयाचा, त्यात गाव लहान, त्यात पाच जणांतील एक वाहक. अशा ठिकाणी पत्रिकेसारखे आणखी एक कार्ड हाती देऊन सरकारला आपली जबाबदारी संपली असे म्हणता येणार नाही. जन्मलेल्यांचे काय? नवजात बालकाची तपासणी करून त्याला नियमित पेनिसिलिन दिले तर घातक जंतुसंसर्ग फार मोठ्या प्रमाणात टळतो, हे 1986 साली सिद्ध झाले आहे. हायड्रॉक्सियुरिया या जुन्या औषधाने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात, हे 1995 साली. त्याची कॅप्सूल साधारण एका चहाच्या पैशात पडते. दुसऱ्या टोकाला, 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिका यांनी मान्यता दिलेला जनुकसंपादनाचा उपचार आहे. त्याची अमेरिकेतील किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे 18 कोटी रुपये. वर्तमानपत्रांत बातमी अठरा कोटींची येते. आरोग्यकेंद्राच्या कपाटात चहाच्या किमतीची गोळी महिनाभर नव्हती, याची येत नाही.

2016 च्या अपंगत्वविषयक कायद्याने सिकलसेल रुग्णांना यादीत घेतले. उच्च शिक्षणातील आरक्षण त्यांना मिळू शकते, पण सरकारी नोकरीतील 4 टक्क्यांच्या कलमात रक्ताच्या आजारांचा समावेश नाही. ज्याला महिन्यातून आठ दिवस अंथरुणावर काढावे लागतात त्याला खाजगी मालक कामावर ठेवील काय, याचा विचार त्या कलमात दिसत नाही. ही मागणी आपल्या पक्षाच्या ठरावात यावी असे मी सुचवितो.

आपल्यापैकी जे विदर्भात आणि सातपुड्यात काम करतात त्यांनी परत गेल्यावर आपापल्या प्राथमिक आरोग्यकेंद्रात चार गोष्टी लेखी विचाराव्यात. पहिल्या चाचणीत दोष आढळलेल्यांपैकी किती जणांची दुसरी चाचणी झाली, आणि तिचा अहवाल किती दिवसांत त्यांच्या हाती पडला. त्यांतील किती वाहक आणि किती रुग्ण हे प्रत्येकाला त्याच्या भाषेत, गोंडीत, माडियात, भिलीत, कोणी सांगितले. गेल्या बारा महिन्यांत हायड्रॉक्सियुरिया किती दिवस उपलब्ध नव्हते. आणि गतवर्षी त्या केंद्रात जन्मलेल्या किती बाळांची तपासणी झाली. उत्तरे मिळाली नाहीत तर तेही लिहून कळवावे. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवला आहे, म्हणून येथे थांबतो.